टोपी घातली, पण कुणाला?

टोपी आणली रायफलच्या नळीसाठी, घातली गेली मला. दीड महिना झाला, राग अजून उतरलेला नाही.

न्यूझीलंडमध्ये सेंट्रल ओटागोत चेरीच्या बागेवर मी काम करतो. हिवाळ्यात गवत आटलं की ससे कोवळ्या झाडांची साल गोल कुरतडतात, झाड उभ्या उभ्या मरतं. त्यामुळे पॉइंट टू टूची बोल्ट रायफल आणि तिच्या तोंडाला सायलेन्सर, याचं इथे कुणाला नवल नाही. सायलेन्सर काढला की नळीचे आटे उघडे पडतात, त्यांवर टोपी हवी. माझी गवतात हरवली.

बोल्ट काढून रायफल दुकानात नेली. काउंटरवरच्या गृहस्थाने पाकीट सरकवलं. "अर्धा इंच ना? मग हीच." टोपी दीड फेरा फिरली आणि अडली. मी म्हटलं, अडतेय. "नवीन आहे, घट्टच असणार," म्हणत त्याने चामड्याचा तुकडा गुंडाळला आणि पकडीने आणखी एक फेरा मारला. वर हसून म्हणतो कसा, तुम्हाला बंदुकांची फार सवय दिसत नाही!

घरी टोपी हलेना. तेल सोडून रात्रभर ठेवली. सकाळी कशीबशी सुटली, तेव्हा अंगठ्याला पोलादाचा केसाएवढा चकचकीत कीस चिकटला होता. पोटात गोळा आला. अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. कोल्हापुरात उद्यमनगरात त्यांचा लेथ आहे. त्यांचा पहिला प्रश्न, "आटे मोजलेस का?" पट्टी लावली. नळीवर अर्ध्या इंचात दहा, म्हणजे इंचाला 20. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत छापलेलं, इंचाला 28. "लेथवाल्याचं पोर तू, आणि नुसता व्यास बघून माल घेतलास?" यावर काय बोलणार?

दुकानात परत गेलो. तोच गृहस्थ. म्हणाला, पाकिटावर लिहिलंय की, वाचायचं तुम्ही. पकड कुणी लावली, असं विचारल्यावर नेमका त्याला फोन आला.

बंदूक दुरुस्त करणाऱ्याने नुसती डाय फिरवून द्यायला नकार दिला. आटे नळीच्या भोकाशी एका रेषेत नसतील तर सायलेन्सर तिरका बसतो आणि गोळी आतल्या पडद्यांना घासते. शेवटी नळीचं टोक कापून लेथवर नवे आटे पाडले. बिलात तसल्या टोप्यांचा ढीग आला असता.

तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून सांगतो. टोपी घेताना व्यास आणि इंचाला आटे, दोन्ही बघा. पॉइंट टू टूच्या नळ्यांवर अर्धा इंच व्यासातच इंचाला 20 आणि 28 आटे दोन्ही आढळतात, आणि नुसत्या डोळ्यांना फरक चटकन कळत नाही. लावताना टोपी आधी उलटी फिरवा. आटा आट्यात पडल्याची बारीक टिक बोटांना लागते, मग सुलटी फिरवा. फक्त बोटांनी. पकड हातात घ्यावीशी वाटली की समजा, काहीतरी चुकतंय.

टोपी घालूनच गोळी झाडणार असाल तर तिला आरपार भोक हवं, आणि ती दर थोड्या फैरींनी चाचपा, धक्क्यांनी ढिली होते. सायलेन्सर नळीवर तसाच ठेवून रायफल कपाटात टाकू नका. आतल्या ओलीने आणि काजळीने गंज चढतो. काढा, पुसा, तेलाचं बोट फिरवा, मग टोपी. बाकी पावती जपा, एक जादा टोपी ठेवा, आणि हात लावण्याआधी प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजा, हे काय नव्याने सांगायचं.

माझीही चूक आहे, नाही असं नाही. दीड फेऱ्यालाच माझ्या हाताला कळलं होतं. तेव्हाच त्याच्या हातातून रायफल काढून घ्यायला हवी होती. परक्या मुलखात अडाणी दिसायला नको म्हणून गप्प उभा राहिलो.