चाकाची धाव व तिची निवड

बंडीच्या चाकावर लोखंडी धाव कशी चढवीत असत, हें विद्यार्थ्यांनीं घरच्या वृद्ध मंडळींस विचारून पाहावें. गोवऱ्यांच्या जाळांत ती लाल होईपर्यंत तापवीत, चाकावर बसवीत व लागलीच वर पाणी ओतीत. निवतांना लोखंड आकसे आणि आरे व पाटे घट्ट आवळले जात. त्या धावेस चाक धरून ठेवावयाचें असे; जमीन धरण्याचें काम बैलांच्या खुरांकडे होतें. मोटारीस खूर नाहींत. तिला पुढें नेणें, वळविणें व थांबविणें हीं तिन्ही कामें तिच्या रबरी धावेवरच, म्हणजे टायरवर, येऊन पडलीं आहेत.

हा पाठ लिहिण्याचें कारण असें कीं, वरच्या वर्गांतील मुलांत व त्यांच्या थोरल्या बंधूंत शर्यतीच्या गाड्यांचें व त्यांच्या रुंद, मऊ टायरांचें वेड वाढत चाललें आहे. आणि असे टायर घरच्या गाडीस लावल्यास ती अधिक सुरक्षित होईल काय, असा प्रश्न पालकही विचारतात. प्रश्न रास्त आहे; उत्तर मात्र एका शब्दांत देतां येत नाहीं.

प्रथम थोडें गणित करूं. गाडीचें वजन माणसांसह १२८० किलो धरा. प्रत्येक चाकावर ३२० किलो आले. टायरांतील हवेचा दाब दर चौरस इंचास ३२ पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारें सव्वादोन किलो. भागाकार केला असतां १४२ चौरस सेंटिमीटर येतात. मोठ्या माणसाच्या हाताच्या पंजाएवढी ही जागा! असे चार पंजे रस्त्यास टेकलेले असतात, आणि सारें कुटुंब त्यांच्या भरवशावर जात असतें. टायर रुंद घेतला आणि दाब तोच ठेवला, तर ही जागा फारशी वाढत नाहीं, तिचा केवळ आकार बदलतो. वळणावर त्याचा लाभ होतो. परंतु सांचलेल्या पाण्यावर रुंद टायर लवकर तरंगूं लागतो.

मग पकड येते कोठून? रबराच्या मऊपणांतून. रस्त्याच्या बारीक खडबडीत कणांभोंवतीं मऊ रबर दबून बसतें व त्यांना धरतें. कच्चें रबर उन्हांत चिकट व थंडींत ठिसूळ होई. गंधकाबरोबर तापविलें असतां तें टिकाऊ होतें, हें अमेरिकेंतील चार्ल्स गुडइयर यास १८३९ मध्यें आढळलें. बेलफास्ट येथील पशुवैद्य डनलॉप यानें १८८८ मध्यें आपल्या मुलाच्या तीनचाकीस हवेच्या नळ्या बसविल्या, आणि १८९५ च्या पॅरिस-बोर्डो-पॅरिस शर्यतींत मिशेलिन बंधूंनीं हवेच्या टायरांवर मोटार चालविली. आतां इतकें दूर जाण्याचेंही कारण नाहीं. आपल्या कळंबवरून जाणारा महामार्ग उत्तरेस जेथें पोंचतो, त्या बुटीबोरीस सीएट कंपनीचा दुचाकीच्या टायरांचा कारखाना २०१६ सालीं सुरू झाला.

शर्यतीचा खरा टायर अगदीं गुळगुळीत असतो. दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथें २०११ ते २०१३ या तीन वर्षीं फॉर्म्युला वनच्या शर्यती झाल्या, त्यांत असेच टायर होते. खाचा नसल्यानें अधिक रबर जमिनीस लागतें. पण हें रबर सुमारें शंभर अंश उष्णतेच्या आसपासच नीट काम करतें. म्हणून तें आधीं विजेच्या पांघरुणांत तापवितात, एकाच शर्यतींत बदलतात, आणि पाऊस येतांच काढून खाचांचे टायर बसवितात. दूध घेऊन यवतमाळला निघालेल्या गाडीस हा थाट कसा परवडावा?

यांच्या मधला एक प्रकार आहे: रस्त्यावर चालणारा, पण मऊ रबराचा व उथळ खाचांचा. पुष्कळ टायरांवर झिजेचा अंक कोरलेला असतो. २०० च्या आसपास अंक असेल तर तो टायर पकडीचा, पण अल्पायुषी; ५०० च्या पुढें असेल तर दीर्घायुषी समजावा. ज्यास शर्यतीच्या मार्गावर सराव करावयाचा आहे, त्यानें मऊ टायरांचा निराळा जोड ठेवावा व घरीं येतांना तो उतरावा. आषाढांत ट्रॅक्टरांच्या चाकांनीं डांबरी रस्त्यावर आणलेल्या काळ्या चिखलावर उथळ खाचा तत्काळ बुजतात आणि गाडी साबणावरून घसरावी तशी घसरते.

वेगाविषयींही गैरसमज आहे. टायरवरील ‘२०५/५५ आर १६ ९१ व्ही’ या अक्षरांत २०५ ही रुंदी मिलिमीटरांत, ५५ ही उंचीची रुंदीशीं शेंकडेवारी, आर म्हणजे रेडियल बांधणी, १६ हा चाकाचा व्यास इंचांत, ९१ म्हणजे ६१५ किलो भार, व व्ही म्हणजे ताशीं २४० किलोमीटर. एच २१० चा, एस १८० चा. समृद्धी महामार्गावर मोटारींस मर्यादा १२० चीच आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजीं त्याचा नागपूर-शिर्डी भाग खुला झाल्यावर टायर फुटून अपघात होऊं लागले. ते अधिक वेगाचें अक्षर नसल्यामुळें नव्हेत. हवा कमी असली कीं टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्यांत दुमडतात, आंतून तापतात व थर सुटतात. त्यांत जादा ओझें, जुनें रबर आणि वैशाखांतील सिमेंटचा रस्ता.

येथें प्रस्तुत लेखकाचीच एक चूक सांगतों. मे महिन्यांत वर्ध्यास थांबून दाब पाहिला, तो वाढलेला दिसला. म्हणून हवा काढली. ३० अंशांवर भरलेला ३२ पौंडांचा दाब ६० अंशांवर साडेछत्तीसच्या घरांत जातो, हें शिकविणाऱ्यासच तेव्हां आठवलें नाहीं! दाब सकाळीं, टायर थंड असतांना पाहावा. दोनच नवे टायर घ्यावयाचे झाले तर ते मागें लावावे, पुढें नव्हे. मागची बाजू घसरली तर गाडी आवरणें अधिक कठीण असतें.

आतां अभ्यास. घरच्या गाडीच्या टायरवरील सर्व अक्षरें वहींत उतरून आणावीं. चार अंकी आकडा शोधावा: ३५२३ असेल तर तो २०२३ च्या ३५ व्या आठवड्यांत तयार झाला. खाचांच्या तळाशीं १.६ मिलिमीटर उंचीचे लहान उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्याशीं समतल झालें आहे काय, तें बोटानें चांचपून पाहावें, आणि झालें असल्यास त्याच दिवशीं वडिलांस सांगावें.