तार उतरते ती कोठे?

स्नेहसंमेलनाच्या रंगमंचावर पेटी-तबल्याच्या शेजारी इलेक्ट्रिक गिटार येऊन आता बरीच वर्षे झाली. तिच्याबरोबर एक तक्रारही आली. पहिले गाणे सुरात होते, दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर एखादी तार उतरते, आणि तिसऱ्या गाण्याआधी वादक प्रेक्षकांकडे पाठ करून खुंट्या पिळीत बसतो. पेटीचे किंवा की-बोर्डचे सूर ठाम असतात. ते गिटारसाठी खाली येत नाहीत. गाणाऱ्याची मात्र दोन सुरांमध्ये ओढाताण होते, आणि मंडपातले लोक म्हणतात, "पोरगी बेसूर गायली." तार एकाची आणि ठपका दुसऱ्याच्या गळ्यावर, हा प्रकार मला केवळ तांत्रिक वाटत नाही.

अशा वेळी सर्वसाधारण समजूत अशी, की गिटारच्या खुंट्या खराब झाल्या. कोणाकडून तरी जुनी गिटार विकत घेतलेल्या विद्यार्थ्याला नवा खुंट्यांचा संच बसवण्याचा सल्ला मिळतो. खिसा रिकामा होतो आणि तार उतरतच राहते. प्रस्तुत लेखात एवढेच दाखवावयाचे आहे, की तार बहुधा खुंटीपाशी उतरत नाही. ती वाटेत कोठेतरी अडते. ती जागा शोधता आली, तर बराचसा इलाज फुकट होतो.

हे समजून घेण्यासाठी माहूरकरांना दूर जाण्याचे कारण नाही. रेणुकामातेच्या गोंधळात संबळाच्या जोडीला जे तुणतुणे वाजते, ते तंतुवाद्याचे सर्वांत साधे रूप आहे. (गोंधळ्यांमध्ये रेणुराई आणि कदमराई अशा दोन शाखा मानतात, त्यांतले रेणुराई ते आपल्या माहूरच्या देवीचे.) एक पोकळ नळकांडे, त्याच्या तळाला मढवलेले कातडे, बाजूला ठोकलेली बांबूची काठी आणि काठीच्या वरच्या टोकाला एक खुंटी. तार कातड्याच्या मध्यातून निघते ती थेट खुंटीला जाते. वाटेत तिला अडवणारे जवळजवळ काहीच नाही. म्हणूनच तुणतुण्याचा सूर उतरला तर कारणे मोजकीच: खुंटी सरकली, तारेचे वेढे सैल झाले, किंवा दमट हवेने कातडे ढिले पडले. गोंधळी आख्यान न थांबवता एका हाताने खुंटीला जरासा पीळ देतो, आणि सूर पुन्हा जागेवर येतो.

गिटारच्या तारेचा प्रवास इतका सरळ नाही. ती घोडीवरून निघते, पडद्यांवरून जाते, दांडीच्या वरच्या टोकाला एका लहानशा पट्टीच्या खाचेतून उतरते आणि मग खुंटीला गुंडाळली जाते. या पट्टीला गिटारवादक 'नट' म्हणतात. (या नटाचा रंगभूमीशी संबंध नाही, पण कार्यक्रमाची फजिती करण्यात तो कोणत्याही हौशी नटाला हार जाणार नाही.) हाडाची किंवा प्लास्टिकची ही पट्टी आणि तिच्यातल्या सहा खाचा, याच बहुतेक दुखण्यांचे मूळ असतात.

येथे एक गंमत ध्यानात घेण्यासारखी आहे. तंबोऱ्याची खुंटी लाकडाची असते व ती केवळ घर्षणाच्या जोरावर भोकात उभी राहते. म्हणून ती सरकू लागली, की तिला खडू लावतात. मिरजेच्या तंबोऱ्याची कीर्ती सर्वत्र आहे, २०२४ मध्ये तेथील सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण तंबोरा कितीही नामांकित कारागिराचा असला, तरी त्याच्या खुंटीला घर्षण हवेच. गिटारमध्ये नेमके उलटे. तिच्या खुंटीच्या आत मळसूत्र आणि दातेरी चक्र असते. मळसूत्राने चक्र फिरते, पण चक्राने मळसूत्र फिरत नाही. त्यामुळे तारेने कितीही ओढले तरी धडधाकट खुंटी आपण होऊन उलगडत नाही. घर्षणाची तेथे गरजच उरत नाही, आणि नटापाशी तर ते वैरीच ठरते. म्हणून तंबोऱ्याच्या खुंटीला खडू आणि गिटारच्या नटाला पेन्सिल! टोकदार पेन्सिल खाचेत दहा-बारा वेळा फिरवली, की तिचे शिसे (वस्तुतः ते शिसे नव्हे, ग्रॅफाइट आहे) तेथे बसते आणि तार सुळकन सरकू लागते. एका वर्गात सापडणाऱ्या या दोन वस्तूंनी दोन वाद्यांची परस्परविरुद्ध गरज भागते.

पण नटापाशी तार अडून अडून किती अडणार? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर आकड्यांत दिले तरच पटेल. सर्वांत बारीक, म्हणजे पहिली तार घेऊ. तिची जाडी साधारण पाव मिलिमीटर, घोडीपासून नटापर्यंतची लांबी सुमारे ६४८ मिलिमीटर, आणि मोकळी छेडली असता कंपने सेकंदाला सुमारे ३३०. हा सूर मिळण्यासाठी तिच्यावर साडेसात किलोच्या आसपास ताण द्यावा लागतो, आणि त्या ताणाने ती सुमारे साडेचार मिलिमीटर लांबते. आता तिसरी तार पाहा. ती जाड आहे, सूर खालचा आहे (सेकंदाला १९६ कंपने), आणि ताण जवळजवळ तेवढाच. म्हणून ती लांबते फक्त दीड-पावणेदोन मिलिमीटर. समजा, नटाच्या खाचेत दोन्ही तारा एक दशांश मिलिमीटर अडकून राहिल्या. पहिल्या तारेच्या साडेचारांतून एक दशांश गेला, तर सूर अर्ध्या स्वराच्या पाचव्या हिश्श्याइतका ढळतो. तिसऱ्या तारेचा मात्र षड्ज आणि कोमल ऋषभ यांमधल्या अंतराच्या जवळजवळ निम्मा ढळतो! एक दशांश मिलिमीटर म्हणजे वहीच्या एका पानाची जाडी. "सर, तिसरीच तार का सारखी उतरते?" असे विद्यार्थी विचारतात, त्याचे हे उत्तर. बिनावेढ्याची तिसरी तार ताणली कमी जाते, म्हणून लहानशा सरकण्याने तिचे नुकसान अधिक होते. शिवाय गिटारचा माथा ज्या प्रकारात मागे कललेला असतो आणि खुंट्या दोन्ही अंगांना तीन-तीन असतात, तेथे मधल्या तारा नटातून बाहेर पडताना तिरक्याही वळतात. दुष्काळात तेरावा महिना.

दोष कोठे आहे हे ओळखण्याची एक सोपी परीक्षा आहे. तार नीट सुरात लावावी. मग बाराव्या पडद्यापाशी ती आडवी ओढून, सतारीवर घेतात तशी, दोन-तीन वेळा जोरकस मींड घ्यावी. आता मोकळी तार छेडून पाहावी. सूर खाली आलेला आढळला, तर नट आणि खुंटी यांच्यामधल्या तुकड्यावर बोटाने क्षणभर दाबून सोडावे. सूर परत वर आला, तर दोषी नट: मींड घेताना तार नटातून अलीकडे आली होती, ती परत गेली नव्हती, तुम्ही दाब देऊन तिला ओढून नेली. दाबूनही सूर वर येत नसेल, तर नट निर्दोष आहे. मग एकतर तार नवी आहे, किंवा खुंटीवरचे वेढे सरकत आहेत. आणखी एक खूण कानाला कळते. खुंटी हळूहळू पिळत असताना सूर चढतच नाही, आणि मग एकाएकी 'टिक्' असा बारीक आवाज होऊन तो उडी मारतो. ज्या तारेला हा आवाज येतो, तिची खाच अरुंद आहे असे खुशाल समजावे. विशेषतः पूर्वीपेक्षा जाड तारा चढवल्या असतील तर असे हमखास होते.

पेन्सिलीने भागले नाही, तर खाच रुंद करावी लागते. बारीक पॉलिशकागदाची घडी करून तारेच्याच दिशेने दोन-चार हात मारावेत, पुन्हा पाहावे, पुन्हा मारावेत. खाच रुंद करावयाची आहे, खोल नव्हे. खोल झाली तर तार पहिल्या पडद्यावर खरखरू लागते आणि मग नटच बदलावा लागतो. हात धीराचा नसेल त्याने हे काम कारागिराकडे सोपवावे.

वेढ्यांविषयी थोडक्यात. बारीक तारांना दोन-तीन, जाड तारांना दोन वेढे पुरेत, आणि प्रत्येक वेढा आधीच्याच्या खाली, एकावर एक न चढता बसावा. सात-आठ वेढे घालणारा वादक आपण तार पक्की केली असे समजतो. प्रत्यक्षात तो सरकायला जागा वाढवून ठेवतो. नवी तार चढवल्यावर ती बोटांनी हलकेच वर उचलून ताणावी, पुन्हा सुरात लावावी, पुन्हा ताणावी. सूर उतरणे थांबेपर्यंत हे करावे. पाच-सहा खेपांत ते थांबते. कार्यक्रमाच्या दिवशी संध्याकाळी नव्या तारा चढवू नयेत हे वेगळे सांगायला नको, तरी सांगतो. आणि सूर लावताना नेहमी खालून वर यावे. वर गेलाच, तर मुद्दाम बराच खाली उतरवून पुन्हा चढावे. म्हणजे दातेरी चक्रातला पोकळ वाव आणि नटातली अडवणूक दोन्ही तारेच्या ताणानेच भरून निघतात.

आता ज्या गिटारला सूर हलवण्याची दांडी, म्हणजे ट्रेमोलो असते, तिची कथा निराळी. यल्लमाच्या जोगत्यांचे चौंडके ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ती लगेच कळेल. तुणतुण्याची तार काठीला बांधलेली, म्हणून तिचा सूर एक. चौंडक्याच्या तारेचे एक टोक मात्र वादकाच्या हातात असते, तो ते ओढतो-सोडतो आणि सूर वरखाली नाचतो. ट्रेमोलोत घोडीच हलती असते. अमेरिकेत १९५४ मध्ये आलेल्या 'स्ट्रॅटोकास्टर' गिटारने ही रचना लोकप्रिय केली: समोरून तारा ओढतात, पाठीमागून स्प्रिंगा ओढतात, आणि घोडी या रस्सीखेचीच्या मध्ये उभी असते. त्यामुळे एक तार चढवली की बाकीच्या थोड्या उतरतात, आणि एक तुटली तर उरलेल्या पाचही चढतात. दांडी दाबून सोडल्यावर सूर चढा राहिला, तर पुन्हा नटच तपासावा. दाबताना तार खुंटीकडे गेली, ती परतली नाही. फ्लॉइड रोज यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस यावर जालीम उपाय काढला. त्यांनी नटापाशी तार स्क्रूने आवळूनच टाकली, म्हणजे सरकण्याचा प्रश्नच मिटला. पुढे सूक्ष्म फेरफारासाठी घोडीपाशी लहान स्क्रू आले. तंबोऱ्याच्या घोडीमागचे मणी नेमके हेच काम किती पिढ्यांपासून करीत आहेत! असो. ज्या विद्यार्थ्याला दांडीची फारशी गरज नाही, त्याने गिटारच्या पाठीमागचे झाकण काढून स्प्रिंगांचे दोन स्क्रू आवळावेत आणि घोडी लाकडावर टेकवून ठेवावी. निम्मा त्रास तेथेच संपतो.

हवामानाचा भाग आपल्याकडे दुर्लक्षून चालत नाही. पोलाद तापले की लांबते, लांबले की ताण घटतो. दांडीचे लाकूड त्या मानाने फारच कमी लांबते. दहा अंशांच्या फरकाने तिसरी तार अर्ध्या स्वराच्या पाव हिश्श्याइतकी सहज उतरते. थंड खोलीत लावलेली गिटार दिव्यांच्या झोतात नेली, की नेमके हेच घडते. उपाय साधा आहे: कार्यक्रमापूर्वी अर्धा तास वाद्य मंचावरच उघडे ठेवावे आणि तेथेच लावावे. हलगी शेकून घेतात, तसे हे गिटारचे शेकणे म्हणावे. पावसाळ्यात लाकूड दमट होऊन दांडीचा बाक बदलतो. सहा तारा मिळून तिला सुमारे पंचेचाळीस किलोंनी ओढत असतात हे लक्षात घेतले, म्हणजे त्यात नवल वाटत नाही.

एक शेवटचा घोटाळा असा, की पुष्कळदा तार उतरलेलीच नसते. तंबोऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गांधार ऐकू येतो, त्यापेक्षा गिटारच्या पडद्यांवरचा गांधार अर्ध्या स्वराच्या सुमारे सातव्या हिश्श्याने चढा असतो. पडद्यांची आखणीच तशी आहे. ज्याचा कान तंबोऱ्यावर तयार झाला आहे, त्याला 'ई मेजर'मधला तिसऱ्या तारेवरचा गांधार खुपतो. तो ती तार किंचित उतरवून घेतो, समाधान पावतो, आणि पुढच्याच 'जी मेजर'मध्ये तीच तार षड्ज म्हणून उतरलेली लागते. मग खुंटीला शिव्या बसतात. अशा कानाच्या वादकाने प्रत्येक तार मोकळी छेडून ट्यूनरवर (आता तो मोबाइलमध्येही असतो) किंवा पेटीच्या सुराशी लावावी, आणि एका कॉर्डच्या समाधानासाठी ती हलवू नये. पडदा गरजेपेक्षा जोरात दाबला तरी सूर चढतो, हेही येथेच तपासावे.

एवढे करूनही बाराव्या पडद्यावरचा सूर मोकळ्या तारेच्या बरोबर दुप्पट येत नसेल, तर घोडीवरची बैठक पुढे-मागे करावी: सूर चढा असेल तर मागे, उतरा असेल तर पुढे. हे काम गंजलेल्या तारांवर करू नये. घामाने आणि गंजाने खडबडीत झालेली तार ठिकठिकाणी असमान जड होते, आणि ती कोणत्याच पडद्यावर खरी बोलत नाही.