विमानाचे अंतर, उड्डाणाचा वेळ आणि ताज्या भाजीची निर्यात

परंडा तालुक्यातील बागायतदार हिरवी मिरची व भेंडी दुबईस पाठविण्याचा विचार करतात, तेव्हा पहिला प्रश्न येतो तो विमानास किती वेळ लागतो हा. हा वेळ प्रत्येकास घरच्या घरी काढता येतो. मात्र माल खराब होतो तो बहुधा विमानात नव्हे, हेही त्याच हिशेबातून कळते.

अंतर कसे काढावे?

नकाशावरील अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ कि.मी. आपल्या भागात रेखांशाचा एक अंश सुमारे १०५.५ कि.मी. भरतो. सोलापूर व मुंबई विमानतळांच्या अक्षांशांत १.४६ अंशांचा, म्हणजे १६२ कि.मी.चा फरक आहे. रेखांशांतील फरक ३.०६ अंश, म्हणजे ३२३ कि.मी. आहे. दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ काढल्यास हवाई अंतर सुमारे ३६० कि.मी. येते. लांबच्या अंतरास पृथ्वीच्या गोलाईमुळे ही रीत चालत नाही. मुंबई ते दुबई हे अंतर सुमारे १,९३० कि.मी., तर मुंबई ते लंडन सुमारे ७,२०० कि.मी. आहे.

वेळ कसा काढावा?

जेट विमानाचा वेग ताशी ८०० कि.मी. धरावा. अंतरास ८०० ने भागून चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास मिळवावा. सोलापूर-मुंबईस सुमारे एक तास, मुंबई-दुबईस तीन तास आणि मुंबई-लंडनला साडेनऊ तास येतात. उंचावरील पश्चिमी वाऱ्यांमुळे पश्चिमेकडे जाताना वेळ थोडा जास्त लागतो, परतताना कमी.

वेळापत्रक वाचताना घड्याळातील फरक विसरू नये. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असते. रात्री १० वाजता मुंबईहून निघालेले विमान तेथे ११.३० वाजता उतरते. कागदावर दीड तास दिसला, तरी माल तीन तास प्रवासात असतो.

खरा वेळ जमिनीवर

समजा, तोडणी, प्रतवारी व पॅकिंगला ५ तास लागले. परंडा ते मुंबई या सुमारे ३५० कि.मी. रस्त्यास ९ तास, विमानतळावरील तपासणी व कागदपत्रांस ६ तास, उड्डाणास ३ तास आणि दुबईत माल सोडविण्यास ४ तास धरले, तर एकूण २७ तास होतात. त्यात उड्डाण फक्त नववा हिस्सा आहे. उघड्या टेम्पोतील ९ तासांत भेंडी सुकली, तर वेगवान विमान तिला पुन्हा ताजी करू शकत नाही.

सोलापूरहून गोवा व मुंबईसाठी प्रवासी विमानसेवा २०२५ मध्ये सुरू झाली. प्रवासी विमानात मालास जागा मर्यादित असते, म्हणून आधी चौकशी करावी.

शेतकऱ्यांनी काय करावे?

१) तोडणी पहाटे करून माल लगेच सावलीत आणावा.
२) भेंडी व मिरची ८ ते १० अंश सेल्सिअसपर्यंत थंड करावी. ७ अंशांखाली भेंडीस थंडीची इजा होते.
३) माल रात्री व शक्यतो शीतवाहनातून न्यावा.
४) वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राची तयारी तोडणीपूर्वी करावी.
५) विमानतळावर माल स्वीकारण्याची शेवटची वेळ निर्यातदाराकडून विचारून घ्यावी व तेथून मागे मोजत तोडणीची वेळ ठरवावी.

विमानाचा वेळ आपल्या हाती नाही. उरलेल्या वेळेतील बराचसा मात्र आपल्या नियोजनावर अवलंबून आहे.