किल्ल्यांचा जुडगा कशाला?

बंगळुरूजवळच्या बोम्मसंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी सिस्टिम ॲडमिन आहे. २०२३च्या पावसाळ्यातली गोष्ट. पिवळी मेट्रो तेव्हा सुरू व्हायची होती. होसूर रोडच्या गर्दीत अडकलेलो असतानाच फोन आला, "सार, लेबल बर्तिल्ला!" म्हणजे लेबल येत नाहीयेत. डिस्पॅचच्या पीसीची हार्ड डिस्क गेली होती. दारात दोन ट्रक उभे, आणि बारकोडशिवाय एक खोकं हलेना.

नवी डिस्क टाकली, विंडोज चढवलं, पीसीला जुनंच नाव दिलं आणि हेल्पडेस्कच्या लॉगिनने डोमेनला जोडायला गेलो. नकार. मेसेज अर्धाच वाचून मी निदान करून टाकलं: परवानगी कमी पडतेय. हेल्पडेस्कचं खातं थेट 'डोमेन ॲडमिन्स' गटात टाकलं. पुन्हा तोच नकार! वैतागून ॲक्टिव्ह डिरेक्टरीतलं पीसीचं जुनं खातंच उडवलं. पीसी जोडला गेला, पण लेबल काही येईना. लेबलसाठी लागणारी त्या खात्याची गटांची सदस्यत्वं खात्याबरोबरच गेली होती. ती पुन्हा देऊन ट्रक सुटायला दुपार झाली.

खरी चूक पुढेच होती. हेल्पडेस्कचं खातं त्या गटातून काढायचं राहून गेलं. दीड महिन्याने ऑडिटरने ते दाखवलं, आणि त्याच खात्याचा पासवर्ड डिस्पॅचच्या मॉनिटरखाली चिठ्ठीवर चिकटवलेला होता. सगळ्या घराच्या किल्ल्या उंबऱ्यावर ठेवल्यासारखंच ते.

आणि मुळातला तो नकार कशामुळे? ऑक्टोबर २०२२च्या अपडेटपासून विंडोज संगणकाच्या जुन्या खात्याचा मालक तपासतं. डिस्पॅचच्या पीसीचं खातं नोकरी सोडून गेलेल्या सहकाऱ्याने तयार केलं होतं. म्हणजे प्रश्न अधिकाराचा नव्हताच, मालकीचा होता.

म्हणून आता माझा क्रम असा:

१. आधी लॉग वाचा. सी ड्राइव्हवर विंडोजच्या डीबग फोल्डरमध्ये नेटसेटअप डॉट लॉग असतो. त्यात शेवटी एरर कोड हेक्स रूपात सापडतो. 0x5 म्हणजे सरळ परवानगी नाही, 0xaac (दशमान २७३२) म्हणजे जुन्या खात्याची अडचण.

२. घड्याळ आणि डीएनएस पाहा. वेळेत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक असला तर केर्बेरॉस नेहमीच्या सेटिंगमध्ये दाद देत नाही. डीएनएस डोमेनचाच हवा, ब्रॉडबँडवाल्याचा नव्हे.

३. मर्यादा आठवा. मुळात साधा युजरही दहा संगणक जोडू शकतो, अकरावा अडतो. पुष्कळ ठिकाणी सुरक्षेसाठी हा आकडा शून्यावर आणलेला असतो.

४. जुनं नाव हवंच असेल, तर खातं उडवण्याआधी त्याचे गट लिहून घ्या. बिटलॉकरची रिकव्हरी की त्याच्याखाली साठवलेली असेल, तर तीही उतरवून घ्या. नाव नवं चालत असेल तर उत्तम. वारंवार हीच वेळ येत असेल, तर भरवशाच्या खातेमालकांची यादी ग्रुप पॉलिसीत देता येते.

५. हेल्पडेस्कला फक्त ठरावीक ओयूपुरता हक्क द्या: संगणकाचं खातं तयार करणं, त्याचा पासवर्ड रीसेट करणं, डीएनएस होस्टनेम आणि एसपीएन लिहिणं. 'डिलिगेट कंट्रोल'मध्ये हे सगळं होतं.

आणि घाईत कुणाला जास्तीचा हक्क द्यावाच लागला, तर तो काढून घ्यायची तारीख त्याच क्षणी वहीत लिहा. माझ्या वहीत तेव्हा ट्रकचे नंबर तेवढे होते.