गादी कोणासाठी घ्यायची?

मित्रांनो, वसतिगृहात आपण कडक गादीवर झोपतो आणि पहाटे ताजेतवाने उठतो. त्यामुळे उन्हाळी सुट्टीत भिलाईला, बोरसीच्या घरी आजीची कंबर दुखते हे कळताच मी ऐटीत सांगितले, "कडक गादी आणा!" बाबांनी माझे ऐकले. तिसऱ्या दिवशी पहाटे चारला आजी उठून बसलेली दिसली. "कुशीवर झोपले की खांदा ठणकतो रे," ती म्हणाली. मला फार वाईट वाटले.

मग मी वाचन केले. स्पेनमध्ये कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांवर झालेला अभ्यास २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. त्यात कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीने जास्त आराम पडला. फार कडक गादीवर खांदा आणि खुबा दाबला जातो. फार मऊ गादीत कंबर खचते. दोन्हींत कणा वाकतो.

या वेळी पलंगाची लांबी-रुंदी मोजली आणि आजीलाच दुकानात नेले. प्रत्येक गादीवर ती नेहमीसारखी कुशीवर दहा मिनिटे पडून राहिली. मी मागे उभा राहून तिचा कणा सरळ राहतो का ते पाहिले. जाडी, कापड, सवलत यांचा विचार नंतर केला. शेवटी काथ्यावर फोमचा थर असलेली गादी तिने स्वतः निवडली.

ती कडक गादी आता माझ्या पलंगावर आहे. आजी सहापर्यंत झोपते. सल्ला देण्याआधी झोपणाऱ्याला विचारावे, हे मी शिकलो.