दोन दिवसांत कळसूबाई की हरिश्चंद्रगड?

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत दहा-बारा वर्षांची मुलं आणि सासूबाईंना घेऊन कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात जायचंय. दोन दिवस आहेत. दोन्ही शिखरं होतील का?
– एक वाचक, संगमनेर

उत्तर : दोन्हींचा हट्ट नको. कळसूबाई १६४६ मीटर, राज्यात सर्वांत उंच. त्या मोहानेच सुट्टीत झुंबड उडते आणि बारीच्या वाटेवरच्या लोखंडी शिड्यांशी रांग लागते. माझं मत हरिश्चंद्रगडाला. त्यातही पाचनईची वाट धरा, ती सगळ्यांत सोपी. वर कोरीव मंदिर, केदारेश्वराच्या गुहेतलं बर्फगार पाणी आणि मग कोकणकडा. कड्याच्या काठाला मुलांचा हात सोडायचा नाही, फोटोसाठी तर नाहीच. सासूबाई तोवर गावात निवांत बसतील. मुक्काम पाचनईतच घरगुती करा. जेवणाचं मात्र गड चढण्याआधी सांगून ठेवा.

दुसरा दिवस सासूबाईंचा. राजूरमार्गे भंडारदरा, पुढे जलाशयाच्या कडेने रतनवाडी. अमृतेश्वराच्या मंदिरापर्यंत गाडी जाते. जवळच्या सांदण दरीचा आग्रह कुणीतरी करेलच. पावसाचं सावट असेल तर साफ नाही म्हणा. त्या अरुंद घळीत पाणी अचानक चढतं.