ऐकू येते, पण कळत नाही

श्रवणयंत्र वापरणाऱ्या कोणाही वृद्ध माणसाशी पाच मिनिटे बोलावे, एक वाक्य हमखास कानी पडते : "ऐकू येते रे, पण कळत नाही." घरातल्या मंडळींना हे कोडेच वाटते. ऐकू येते म्हणजे कळायलाही हवे, असा त्यांचा समज. मग ती आवाज चढवतात, आणि आजोबा कानावर हात ठेवून "ओरडू नकोस" म्हणतात. वस्तुतः त्या एका वाक्यात ध्वनिशास्त्राचा एक संपूर्ण धडा दडलेला आहे. जुन्या आणि नव्या श्रवणयंत्रांची तुलना करायची तर आधी तो वाचला पाहिजे. आणि तो विज्ञानशाखेपेक्षा आपल्या, म्हणजे भाषेच्या विद्यार्थ्यांना अधिक जवळचा आहे.

ताक, ताप, ताट, तास हे चार शब्द घ्या. चारही शब्दांत 'ता' तोच. त्यातला 'आ' हा स्वर दणकट आहे. त्याची बहुतेक शक्ती १५०० हर्ट्‌झच्या खाली असते. अर्थ मात्र ठरतो तो शेवटच्या व्यंजनावर, आणि व्यंजन म्हणजे क्षणभराचा स्फोट किंवा हलकेसे घर्षण. 'स'ची मुख्य शक्ती ४००० हर्ट्‌झच्या वर असते, 'श'ची त्याहून खाली. लहान मुलांचा 'स' तर ८००० हर्ट्‌झपर्यंत जातो. थोडक्यात, आवाजाचा जोर स्वरांत आणि अर्थाचा भार व्यंजनांत, अशी ही वाटणी आहे. वार्धक्यात श्रवणशक्ती कमी होते ती नेमकी वरच्या पट्टीपासून. त्यामुळे 'ता' खणखणीत ऐकू येतो आणि पुढचे तर्काने भरावे लागते. सुनेने "ताप आहे का?" विचारावे आणि सासऱ्यांनी "नको, दुपारीच प्यालो" म्हणावे, इथवर विनोद आहे. बँकेच्या खिडकीवर 'सात हजार' आणि 'साठ हजार' यांत घोटाळा झाला की तो विनोद राहत नाही.

जुन्या यंत्रांना ही वाटणी ठाऊक नव्हती. बेटोव्हेनसाठी मेल्झेल याने बनवलेले कर्णे आजही बॉनच्या संग्रहालयात आहेत. ते फक्त आवाज गोळा करून कानात सोडत. पुढे वीज आली, निर्वात नळ्या आल्या. १९४७ साली ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि १९५२च्या अखेरीस तो श्रवणयंत्रात बसलाही. खिशातल्या रेडिओच्याही आधी ट्रान्झिस्टर माणसाच्या कानाशी पोहोचला, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

आपल्याकडे घरोघरी दिसलेले यंत्र म्हणजे सदऱ्याच्या खिशातली डबी आणि तिच्यापासून कानापर्यंत गेलेली वायर. तिचा ध्वनिग्राहक छातीवर, म्हणून कापडाची घासाघीस कानात खरखरे. आवाज कोणत्या बाजूने आला हे कळत नसे. तिची झेप साधारण ४००० हर्ट्‌झच्या आसपास संपे. म्हणजे 'स' जिथे सुरू होतो तिथेच यंत्र थांबे. शिवाय कुजबुज असो वा कुकरची शिट्टी, वाढ सरसकट सारखीच. मोठा आवाज यंत्राच्या मर्यादेबाहेर गेला की लहरीचे माथे छाटले जात आणि शब्द फाटल्यासारखा ऐकू येई. तरीही या डबीला हसू नये. थरथरत्या बोटांना तिचे चाक फिरवता येई, पेन्सिल सेल कोपऱ्यावरच्या दुकानात मिळे, आणि ध्वनिग्राहक कानापासून दूर असल्याने शिट्टी वाजण्याचा त्रास कमी होता.

१९९६ साली पूर्णतः अंकीय यंत्रे बाजारात आली आणि मूळ कल्पनाच बदलली. नवे यंत्र आवाजाचे संख्यांत रूपांतर करते, त्याचे अनेक पट्ट्यांत विभाजन करते आणि प्रत्येक पट्टीला वेगळे वागवते. 'आ' पुरेसा ऐकू येत असेल तर त्याला हात लावायचा नाही, 'स'ला मात्र उचलून धरायचे. हळू आवाजाला जास्त आधार, मोठ्याला कमी. ही कामे काही सहस्रांश सेकंदांत होतात. ध्वनिग्राहक कानापाशी आल्यामुळे दिशेचेही थोडे भान परत येते.

मग नवे यंत्र निःसंशय अधिक स्पष्ट, असे म्हणून मोकळे व्हावे काय? इथे मला जाहिरातदारांशी वाद घालावासा वाटतो. माझ्या एका चुलत आजोबांनी नवे यंत्र आणले आणि आठवड्याने ते कपाटात गेले. तक्रार अशी की, वर्तमानपत्राची घडी फाडल्यासारखी वाजते, भांडी डोक्यात आदळतात, त्यापेक्षा जुनी डबी 'गोड' होती. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. कित्येक वर्षे मेंदूला वरच्या पट्टीचा विसर पडला होता. ती एकाएकी परत आली की प्रथम गोंगाटच वाटतो. ती अंगवळणी पडायला काही आठवडे लागतात. त्यातून यंत्र त्यांच्या श्रवण-आलेखाप्रमाणे नीट जुळवलेले नव्हते. दोन फेऱ्यांत ते जुळवून घेतल्यावर आजी स्वयंपाकघरातून काय म्हणते ते त्यांना कळू लागले (हे सोयीचे की गैरसोयीचे, यावर त्यांनी मत दिलेले नाही). न जुळवलेले महागडे यंत्र आणि जुनी डबी यांत फार अंतर नसते. वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेल्या, अली यावर जंग यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेसारख्या ठिकाणी कानाची तपासणी व जुळवणी होते ती याचसाठी.

दुकानात बसून केलेली तुलनाही फसवी असते. शांत खोली, समोर एकच माणूस, आणि दोनांपैकी जे यंत्र किंचित मोठे वाजेल ते कानाला अधिक 'स्पष्ट' वाटते. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून ३६० जणांवर केलेली एक पाहणी २००० साली प्रसिद्ध झाली. प्रत्येकाला ध्वनी वाढवण्याच्या तीन पद्धती आळीपाळीने वापरायला दिल्या होत्या. त्यांत माथे छाटणारी जुनी पद्धतही होती. तिन्हींनी ऐकणे पुष्कळ सुधारले. तिन्हींमधला आपसातला फरक मात्र थोडाच निघाला.

याचे एक कारण कानातच आहे. गोगलगाईच्या शंखासारख्या कर्णावर्तात बाहेरच्या रोमपेशी सुमारे १२,००० असतात. हळू आवाज वाढवणे आणि जवळजवळचे स्वर वेगळे काढणे हे त्यांचे काम. त्या एकदा गेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. पहिले काम यंत्र करू शकते. दुसरे करणारे यंत्र अद्याप नाही. चष्म्याची उपमा म्हणूनच इथे लागू पडत नाही. चष्मा निकोप पडद्यावर चित्र नेमके बसवतो. इथे पडदाच विरलेला असतो.

खरी कसोटी लागते ती गोंगाटात. आवाजातला कोलाहल कमी करण्याची सोय बहुतेक नव्या यंत्रांत असते; तिने थकवा कमी होतो, पण शब्द कळण्यात म्हणावी तशी भर पडत नाही. समोरून येणारा आवाज निवडणाऱ्या दोन ध्वनिग्राहकांचा उपयोग अधिक : तीन-चार डेसिबलचा. गेल्या काही वर्षांत असंख्य आवाजांवर शिकवलेली संगणकीय जाळी यंत्रात आली आहेत आणि ती याही पुढे जात आहेत. संगीताच्या बाबतीत मात्र हीच हुशारी कधी आड येते. बासरीचा लांबलेला स्वर म्हणजे आपलीच शिट्टी असे समजून यंत्र तो दाबायला धावते. म्हणून संगीतासाठी निराळी जुळवणी करून घ्यावी लागते.

आणि अंतर? मोकळ्या जागेत बोलणारा निम्म्या अंतरावर आला की त्याचा आवाज सहा डेसिबलने वाढतो, आणि मागचा गोंगाट होता तेवढाच राहतो. म्हणजे चार मीटरांवरचा माणूस दोन मीटरांवर आला, तर त्या दोन ध्वनिग्राहकांपेक्षा अधिक काम फुकटात होते. उंच छताच्या, घुमणाऱ्या वर्गात हा लाभ काहीसा घटतो, आणि तिथे पहिल्या बाकाची किंमत वेगळ्याच कारणाने वाढते : ओठ दिसतात. 'प' आणि 'क' यांतला भेद कानाने हुकला तरी डोळ्याने पकडता येतो. फळ्याकडे तोंड करून बोलणाऱ्या प्राध्यापकांच्या तासाला हा आधारही जातो, आणि मग कानात १९७०ची डबी असो की यंदाचे यंत्र, 'ता'च्या पुढचे अक्षर तर्कानेच भरावे लागते.